पत्ता शेवटून वाचायचा

जेवणं झाली का? नसतील झाली तर भाकऱ्या थापता थापता ऐका. फक्त बोलणं संपेल तेव्हा वही आणि पेन लागणार आहे, ते आत्ताच हाताशी ठेवा. मुलांच्या दप्तरातलं घेतलंत तरी चालेल.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीच्या योजनेत सगळ्यांना ई-केवायसी करायला सांगितलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. महिन्याचे १५०० रुपये बंद पडतील या धास्तीनं सगळ्याजणी मोबाइल घेऊन बसल्या होत्या. कधी साइट उघडेना, कधी ओटीपी येईना. कुणी रात्री बाराला उठून फॉर्म भरला, कुणी रेंज मिळावी म्हणून टाकीवर चढून भरला.

त्याच दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली. भावकीच्या ग्रुपवर आली होती, म्हणजे पाठवणारं माणूस घरातलंच. ताईंनी दाबली. वर योजनेचं नाव, शेजारी सरकारी शिक्क्यासारखं चित्र, खाली फॉर्म. नाव, आधार नंबर, बँकेचं खातं, एटीएम कार्डावरचे आकडे, आणि शेवटी ओटीपी. ताईंनी सगळं भरलं. दहा मिनिटांत खात्यातून ८४०० रुपये गेले. दोन शेळ्या विकून पोरीच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते ते.

मी गावात बँक सखीचं काम करते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. लिंक बघून मी म्हटलं, "अहो ताई, हा पत्ता सरकारचा नाही." तर त्या म्हणाल्या, "असं कसं? त्यात लाडकी बहीण लिहिलंय, महाराष्ट्र लिहिलंय, जी ओ व्ही पण लिहिलंय. मी वाचूनच दाबलं की!"

मी गप्पच झाले. कारण खरंच तसं लिहिलेलं होतं. ताई सातवी शिकलेल्या आहेत, त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर लावून वाचलं होतं. पण त्यांनी पत्ता पुढून वाचला, आणि वेबसाइटचा पत्ता वाचायचा असतो शेवटून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगू का, माझ्या ट्रेनिंगमध्ये मलाही कुणी सांगितलं नव्हतं. "ओटीपी कुणाला देऊ नका" एवढंच आम्ही बायकांना सांगत फिरत होतो. आणि गंमत बघा, ई-केवायसीच्या खऱ्या साइटवरही ओटीपी टाकावाच लागतो! मग बाईनं खरं-खोटं ओळखायचं कशावरून? पत्त्यावरून. म्हणून आज पत्त्याबद्दल बोलायचं.

आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचं नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. पण पोस्टातली माणसं तो खालून वाचतात. आधी जिल्हा बघतात, मग तालुका, मग गाव. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी, दारात आल्यावर. वडगाव नावाची गावं आपल्या महाराष्ट्रात कितीतरी आहेत. नुसतं वडगाव वाचून पत्र कुठं न्यायचं?

वेबसाइटच्या पत्त्याचं तसंच आहे. आता खरा पत्ता घेऊ. लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. डॉट म्हणजे टिंब. गव्ह म्हणजे जी, ओ, व्ही ही तीन अक्षरं, गव्हर्न्मेंट या शब्दातली पहिली. हा पत्ता आपण मागून वाचू. सगळ्यात शेवटी 'इन'. इन म्हणजे इंडिया. त्याच्या आधी 'गव्ह', म्हणजे भारतातलं सरकार. त्याच्या आधी 'महाराष्ट्र', म्हणजे आपलं राज्य शासन. आणि सगळ्यात पुढं लाडकी बहीण, म्हणजे त्यातली एक योजना.

हा एक मोठा वाडा आहे असं समजा. वाडा भारताचा, त्यात एक चौक सरकारचा, चौकात एक खोली महाराष्ट्राची, आणि खोलीत एक कोनाडा लाडक्या बहिणीचा. कोनाड्याला काय नाव द्यायचं ते खोलीवाला ठरवतो. खोली कुणाला द्यायची ते चौकवाला ठरवतो. म्हणजे पत्त्यात उजवीकडं जो असेल, त्याच्या हातात डावीकडच्या सगळ्याच्या किल्ल्या. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सोपं आहे.

आता भामट्याच्या बाजूनं विचार करा. त्यानं समजा 'फुकटफॉर्म डॉट कॉम' असं एक नाव विकत घेतलं. नाव मी आपलं बोलण्यापुरतं घेतलंय. हा वाडा आता त्याचा झाला. आतल्या कोनाड्यांना तो काय वाटेल ती नावं देईल, त्याला कोण अडवणार? त्यानं पत्ता केला, 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट फुकटफॉर्म डॉट कॉम'. पुढून वाचलं तर सगळं सरकारी. त्यात मोबाइलचा पडदा लहान, पत्त्याचा पुढचाच तुकडा दिसतो, शेवट कापला जातो. शेवटी बघितलं तर मालक कोण? फुकटफॉर्म.

ट्रकच्या कपाळावर काय काय रंगवलेलं असतं ते आठवा. देवाचं नाव, पोरांची नावं, 'आईचा आशीर्वाद'. ते मालकाच्या हौशीचं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गाडी कुठली ते कळतं नंबरप्लेटवर. एमएच ११ असेल तर सातारा, एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १२ पुणे. कपाळावर कोल्हापूर रंगवलं म्हणून ११ नंबरची गाडी कोल्हापूरची होत नाही. पत्त्याचं शेपूट ही त्याची नंबरप्लेट. कॉम्प्युटरवाले त्याला एक्स्टेंशन म्हणतात, मी आपलं शेपूटच म्हणते.

शेपूट सापडायचं कसं, तेही सांगते. पत्त्याच्या सुरुवातीला बऱ्याचदा एचटीटीपीएस अशी अक्षरं आणि दोन तिरक्या रेघा असतात. त्या सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येईल, तिथं बोट ठेवा. त्या रेघेच्या पुढं पानांची नावं असतात, ती कितीही लांबलचक असोत, आपल्याला नकोत. बोटापासून मागं या. रेघेला लागून जो शब्द, ते शेपूट. रेघच नसेल तर पत्त्याचा अगदी शेवटचा शब्द.

आणखी एक. टिंब वेगळं आणि आडवी रेघ वेगळी. आमच्या ताईंच्या लिंकमध्ये लाडकी बहीण, महाराष्ट्र, गव्ह हे सगळे शब्द आडव्या रेघांनी जोडलेले होते. आडव्या रेघेनं जोडलं की ते सगळं मिळून एकच नाव होतं, कुणीही विकत घ्यावं असं. त्या नावामागं टिंब होतं, आणि टिंबानंतर जो शब्द होता तो 'इन' नव्हताच.

ही शेपटं आली कुठून? यामागं एक बाई आहेत, आणि त्यांचं नाव आपल्या रेडिओवर घ्यायला मला आवडेल. एलिझाबेथ फाइनलर. १९३१ साली अमेरिकेत जन्मल्या. शिकल्या रसायनशास्त्र. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत सरकारी पैशावर चाललेलं अर्पानेट नावाचं एक लहान जाळं होतं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचे थोडेसे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. कुठला कॉम्प्युटर कुठं आहे, त्याचं नाव काय, नंबर काय, याची वही कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जायची. ती वही सांभाळायचं काम १९७० च्या दशकापासून फाइनलरबाई आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींकडं. नवीन कॉम्प्युटर जोडायचा असेल तर त्यांच्या ऑफिसात फोन करायचा, ऑफिसच्या वेळेत! आपल्या गटाची सचिव जशी रजिस्टर सांभाळते ना, तसंच.

जाळं वाढलं तशी एक वही पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत काढली, की सगळी नावं एका वहीत ठेवायची नाहीत, वाड्यात वाडा अशी वाटून द्यायची. मग वाड्यांना नावं हवीत. कॉम्प्युटर कुठल्या प्रकारच्या जागी ठेवलाय त्यावरून ती नावं ठरवण्यात फाइनलरबाईंच्या गटाचा मोठा हात होता. कॉलेजात असेल तर एज्यु, एज्युकेशनवरून. सरकारी कचेरीत असेल तर गव्ह. लष्कराचा असेल तर मिल, मिलिटरीवरून. धंदेवाल्या कंपनीत असेल तर कॉम, कमर्शियलवरून. जाळं चालवणाऱ्यांसाठी नेट. आणि यातल्या कशातच न बसणाऱ्या संस्थांसाठी ऑर्ग, ऑर्गनायझेशनवरून. १९८४-८५ च्या सुमाराला ही नावं पक्की झाली. कॉम शेपटाचं पहिलं नाव सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीनं १५ मार्च १९८५ ला घेतलं. आज डॉट कॉम म्हटलं की लहान पोराला पण कळतं.

हे सगळं अमेरिकेत ठरलं, त्यामुळं एक गोष्ट अजून तशीच राहिली आहे. नुसतं 'डॉट गव्ह' एवढंच शेपूट असेल, पुढं इन नसेल, तर ते अमेरिकेच्या सरकारचं. आपल्या सरकारचं हवं असेल तर गव्ह पाहिजे आणि त्याच्या मागं इन पाहिजे. दोन्ही, आणि याच क्रमानं.

बाकीच्या देशांना दोन-दोन अक्षरं मिळाली. आपल्याला आय-एन, नेपाळला एन-पी, बांगलादेशाला बी-डी, श्रीलंकेला एल-के. यात काही देशांना लॉटरीच लागली. तुवालू नावाचा प्रशांत महासागरातला एक देश आहे, नऊ लहान बेटं, माणसं अकराएक हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढा. त्याच्या वाट्याला टी-व्ही ही अक्षरं आली. जगातल्या टीव्हीवाल्यांना तेच शेपूट पाहिजे, त्यामुळं नावं भाड्यानं देऊन त्या सरकारला मोठी कमाई होते. मायक्रोनेशिया म्हणून दुसरा बेटांचा देश, त्याला मिळालं एफ-एम. उद्या आपल्या या रेडिओनं हौसेनं डॉट एफएम घेतलं तर आपले पैसे तिकडं समुद्रात जाणार! आणि हल्ली जिकडंतिकडं दिसणारं डॉट एआय हे अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं आहे.

हसण्यावारी नेऊ नका, यातलं एक आपल्या कामाचं आहे. कोलंबिया देशाचं शेपूट सी-ओ. डॉट कॉममधला शेवटचा एम गाळला की डॉट सीओ होतं. घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही, आणि ते दोन वेगळे पत्ते आहेत, दोन वेगळ्या मालकांचे. मात्र 'डॉट सीओ डॉट इन' असेल तर घाबरू नका, तिथं शेवट इन आहे, म्हणजे ते भारतातलं कंपन्यांसाठीचं शेपूट.

आता मुद्द्याचं. शेपटं दोन जातीची असतात. एक, ज्याच्या दारात राखणदार बसलाय. कागद दाखवल्याशिवाय आत घेत नाही. दुसरं, ज्याचं दार सताड उघडं, पैसे भरले की नाव तुमचं. कोण तुम्ही, कशाला घेताय, कुणी विचारत नाही.

डॉट कॉम उघड्या दाराचं. डॉट नेट तसंच. डॉट ऑर्गबद्दल आपल्या बायकांचा फार गैरसमज आहे. ऑर्ग म्हणजे संस्था, संस्था म्हणजे समाजसेवा, म्हणजे माणसं चांगली. तसं काही नाही. पुष्कळ चांगल्या संस्था डॉट ऑर्ग घेतात हे खरं, पण घेताना संस्थेची नोंदणी कुणी तपासत नाही. "आमची संस्था महिलांना बिनव्याजी कर्ज देते, आधी ५०० रुपये फाइल चार्ज भरा" असं म्हणणाऱ्यालाही ते मिळतं.

आपलं स्वतःचं डॉट इनसुद्धा उघड्या दाराचंच आहे. त्याचा कारभार निक्सी बघते, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. २००५ पासून ते कुणालाही घेता येतं, परदेशातल्या माणसालाही. म्हणून नुसतं इन दिसलं की आपला माणूस, असं धरू नका. इनच्या आधीचं टिंब बघा.

२०१२ पासून जगात नव्या शेपटांसाठी अर्ज घेतले आणि पुढच्या काही वर्षांत हजारावर नवी शेपटं आली. शॉप, ऑनलाइन, क्लब, पिझ्झा, अहो, गुरू सुद्धा आहे! वाईट नाहीत ती. पण यातली बरीचशी उघड्या दाराची, आणि काही पहिल्या वर्षाला अगदी चहा-वडापावच्या भावात मिळतात. ज्याला आठ दिवस फसवणूक करून पळून जायचंय त्याला स्वस्त शेपूट सोयीचंच.

राखणदार कुठं आहे? गव्ह डॉट इनला आहे. हे फक्त केंद्र सरकार, राज्य सरकारं, त्यांची खाती आणि सरकारी संस्था यांनाच मिळतं. त्यासाठी नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरकडं सरकारी पत्र लागतं. पीएम किसानची साइट बघा, पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन. आधारची, यूआयडीएआय डॉट गव्ह डॉट इन. सातबारा बघायची, भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. सगळ्यांची शेपटं तीच. जुन्या काही सरकारी साइटना एनआयसी डॉट इन असतं, तेही सरकारीच. कॉलेजांना आणि विद्यापीठांना एसी डॉट इन मिळतं. पोरीला कुठल्या नर्सिंग कॉलेजात, डिप्लोमाला घालायचं असेल आणि कुणी साइटवर फी भरायला सांगितली, तर शेपूट बघा. मात्र सगळी खरी कॉलेजं ते घेतातच असं नाही, म्हणून नसेल तर आधी जाऊन बघा, मग पैसे द्या.

आणि बँका. हे नवीन आहे, लक्ष देऊन ऐका. २०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं, की भारतातल्या बँकांनी 'बँक डॉट इन' हे एकच शेपूट वापरायचं. ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. हे शेपूट हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि फक्त बँकांनाच देते. म्हणून स्टेट बँक आता एसबीआय डॉट बँक डॉट इन आहे, आणि बँक ऑफ महाराष्ट्र ही बँकऑफमहाराष्ट्र डॉट बँक डॉट इन. स्टेट बँकेनं तर त्याआधी स्वतःच्या नावाचं डॉट एसबीआय असं शेपूटच घेतलं होतं. हा नियम जिल्हा बँकांना आणि नागरी सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला ते मिळत नाही, त्यामुळं पतसंस्थेच्या साइटला बँक डॉट इन नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. पण कुणी स्वतःला बँक म्हणवतोय, गटाला कर्ज मंजूर झालंय म्हणतोय, आणि पत्त्याला हे शेपूट नाही, तर तिथं थांबायचं. कर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांसाठी फिन डॉट इन असं वेगळं शेपूट ठरवलंय.

बँक आणि इन यांच्यामध्ये टिंबच हवं बरं का. 'अमुकबँकइन डॉट कॉम' चालणार नाही.

आता तुमच्यातली एखादी हुशार बाई म्हणेल, लाइट बिलाची साइट तर गव्ह डॉट इन नाही! बरोबर आहे. महावितरणची साइट महाडिस्कॉम डॉट इन आहे. रेल्वेचं तिकीट काढायची आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन. एलआयसीची एलआयसीइंडिया डॉट इन. ह्या सगळ्या खऱ्या आहेत. सरकारी मालकीच्या असल्या तरी त्या कंपन्या किंवा महामंडळं आहेत, त्यांनी आपापली शेपटं घेतलेली. म्हणून मी असं सांगते: योजना, अनुदान, दाखला, केवायसी असं सरकारचं नाव घेऊन कुणी माहिती मागत असेल तर गव्ह डॉट इन बघितल्याशिवाय एक अक्षर भरू नका. आणि लाइट बिल, विमा, तिकीट यांचा पत्ता आलेल्या मेसेजवरून घेऊ नका, घरातल्या छापील बिलावरून, पॉलिसीच्या कागदावरून घ्या. "आज रात्री साडेनऊला तुमची लाइट कापणार" असले मेसेज तुमच्यातल्या कितीजणींना आले असतील!

कुलपाबद्दल सांगते. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या मोबाइलपासून त्या साइटपर्यंत वाटेत कुणी चोरून वाचणार नाही. वाट बंदिस्त आहे, पण वाटेच्या टोकाला चोरच बसला असेल तर? चोरही आपल्या साइटला कुलूप लावतो, फुकट मिळतं ते.

काही लिंका आखूडच असतात, चार-पाच अक्षरं आणि शेपूट डॉट एलवाय. हे लिबिया देशाचं. लांब पत्ता आखूड करून देणाऱ्या कंपन्या ते वापरतात. त्यात गैर काही नाही, पण खरा पत्ता त्यात झाकलेला असतो. पाकिटावर पत्ताच नाही, नुसती चिठ्ठी, असं ते. अशा लिंकवरून पैशाचं काम करू नका. आणि डॉट एपीके हे तर वेबसाइटचं शेपूटच नाही. ती एक फाइल असते, दाबली की मोबाइलमध्ये नवीन अ‍ॅप बसतं. लग्नाची पत्रिका, आरटीओचा दंड, योजनेची यादी अशा नावानं येते. ती उघडायची नाही. पत्रिका कधी एपीके नसते, फोटो नाहीतर पीडीएफ असते.

आता थोडं आपल्या धंद्याचं. गटाची उत्पादनं विकायला आपलीही साइट असावी असं पुष्कळ गटांना वाटतं, आणि वाटावंच. डॉट इन किंवा डॉट कॉम नाव वर्षाला काहीशे रुपयांत मिळतं. मराठी लिपीतलं डॉट भारत हे शेपूटही २०१४ पासून आहे, त्यात पूर्ण पत्ता देवनागरीत लिहिता येतो. वाचायला छान वाटतं, पण बाहेरच्या गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड नसला तर अडचण, म्हणून घ्यायचंच तर इंग्रजीच्या जोडीला घ्या.

पण नाव घेताना आमच्यासारखं करू नका. आमच्या गटाच्या मसाल्यासाठी गावातल्याच एका पोरानं नाव घेऊन दिलं. पोरगा चांगला, पैसेही घेतले नाहीत. पण नोंद केली स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर. आम्ही दोन हजार पाकिटांवर पत्ता छापून घेतला. वर्षानं पोरगा नोकरीला पुण्याला गेला, जुना ई-मेल बघेना. नाव हे विकत मिळत नसतं, भाड्यानं मिळतं, मुदत संपली की पैसे भरावे लागतात. मुदत संपल्याच्या सूचना त्या ई-मेलवर येऊन पडल्या, कुणी वाचल्या नाहीत. सवलतीचे दिवसही संपले आणि नाव दुसऱ्याच कुणीतरी उचललं. आता पाकिटावरचा पत्ता उघडला की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येते! आमच्या अध्यक्षीणबाईंनी पाकिटांवर स्टिकर चिकटवण्यात चार दुपारी घालवल्या. तेव्हा नाव गटाच्या नावावर घ्या, ई-मेल गटाचा काढा, पासवर्ड दोघी-तिघींकडं ठेवा, आणि मुदतीची तारीख ठरावाच्या वहीत लिहा. एका वेळी दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात.

ताईंच्या ८४०० रुपयांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या माझ्याकडं आल्या तेव्हा रात्र उलटून गेली होती. आम्ही १९३० या नंबरवर तक्रार केली, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर नोंद केली, बँकेत जाऊन कार्ड बंद केलं. पैसे अजून परत आलेले नाहीत. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची आशा जास्त. म्हणून असं काही झालं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, नवरा काय म्हणेल याचाही विचार करू नका, आधी १९३० लावा. ताई रात्रभर घरात कुणाला न सांगता बसून होत्या. पोरीची फी गटानं अंतर्गत कर्जातून भरली.

हां, आता वही घ्या. लाडक्या बहिणीच्या साइटचा खरा पत्ता एकेक अक्षर सांगते. सावकाश सांगते, मराठीत लिहून घेतलात तरी चालेल. एल, ए, डी, ए, के, आय, बी, ए, एच, आय, एन. डी नंतर ए आहे, तो विसरू नका. मग टिंब. एम, ए, एच, ए, आर, ए, एस, एच, टी, आर, ए. मग टिंब. जी, ओ, व्ही. मग टिंब. आय, एन. झालं लिहून? आता शेवटून पुढं वाचून बघा. आणि केवायसीला एक रुपयाही लागत नाही, एटीएमचे आकडे तर कुणी मागतच नाही, हे त्याच पानावर खाली लिहून ठेवा. पुढच्या गुरुवारी तुमच्या मोबाइलवर आलेल्या लिंका घेऊन केंद्रात या, दाबू नका, नुसत्या घेऊन या. एकत्र बसून त्यांची शेपटं बघू.